ईशान्येकडची टाकी

बारामती,
२४ नोव्हेंबर २०२४

ति. रावजीदादास,
बनाचा शि. सा. न. वि. वि.

मेलेला मासा माझ्या डाव्या हातात आहे आणि उजव्या हाताने मी हे लिहिते आहे. कागदावर डाग पडला तर तो पाण्याचा समज, डोळ्यांतला नाही. मासा खाली ठेवायचा नाही असा हुकूम आहे. ओट्यावर नाही, मोरीत नाही, केराच्या डब्यात तर नाहीच. अविराज अंगणात उभा राहून त्या वास्तुवाल्याला फोनवर विचारतो आहे की मृत मत्स्याचं काय करावं. मृत मत्स्य हे शब्द माझ्या पोराचे. मी चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, त्याचं हे फळ.

तू वास्तुशांतीला आला नाहीस. ऐकू येत नाही हे कारण मला पटलेलं नाही; जेवायला कान लागत नाहीत. आला असतास तर बघितलं असतंस. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये, ईशान्येच्या कोपऱ्यात, माणूस आडवा मावेल एवढी काचेची टाकी. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, असा त्या वास्तुवाल्याचा आकडा. शुक्रवारी सकाळी टाकी आली, नळाच्या पाण्याने भरली, आणि मुहूर्त साडेदहाचा म्हणून साडेदहाला मासे पिशवीतून आत ओतले. गुरुजींनी अक्षता टाकल्या. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. आपल्या म्हाळसाकाकूंनी बुंदीचा लाडू कुस्करून टाकला. म्हणाल्या, नवे पाहुणे हायती, उपाशी नगं ठेवायला.

काल पाणी ताकासारखं झालं. आज हा एक वर आला. मला वाटलं घरात कोणाला तरी वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. वास्तुवाल्याचं म्हणणं असं की मासा मेला म्हणजे घरावर येणारं संकट त्याने अंगावर घेतलं. अविराजने आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, प्रगती, एक गेलं बघ. वीजबिल भरून आल्यासारखा त्याचा आवाज होता. प्रगती पोटावर हात ठेवून बाहेर आली, माशाकडे पाहिलं आणि हसली. तिला सातवा लागला आहे. मागच्या वर्षी आठव्यात गेलं, ते तुला ठाऊक आहे. तेव्हापासून ही मुलगी हसलेली मी पाहिली नव्हती, आणि हसली ती मढ्याकडे बघून. बीएस्सी आहे, दादा. माहेर डाळजचं असलं तरी बीएस्सी आहे.

अविराज आत आला. निकाल असा: माशाला घरच्या सुनेने आपल्या हाताने हळदकुंकू लावायचं, पिंपळाच्या पानात गुंडाळायचं, मालकाने दिवस मावळायच्या आत कॅनॉलला सोडायचं आणि मागे न बघता घरी यायचं. मग लगेच नवा मासा आणून नऊ पुरे करायचे.

तुझ्या शेततळ्यात तू मासे वाढवतोस. पाणी असं का झालं ते कळव. मला या माशांचं कौतुक नाही. पण एखादा जीव माझ्यासमोर गुदमरावा आणि घरच्यांनी त्याला शकुन म्हणावं, हे माझ्याने बघवत नाही.

पत्र तुझ्या सुयोगच्या हाती देते. कंपनी सुटली की तो इथून जाईल. तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या गल्लीशी बोलणं.

कळावे. लोभ आहे तेवढाच राहू दे; वाढला तर मला संशय येईल.

तुझी,
बना


शेळगाव,
२६ नोव्हेंबर

चि. बनास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे लागू पडले तरी पुष्कळ.

तुझं पत्र सुयोगनं चिमटीत धरून आणलं. त्याच्या आईनं ते वाचायच्या आधी उन्हात वाळत घातलं.

तुमी लोकांनी संडास बांधायच्या आधी पाहुणे उतरवले. दुसरं काय झालेलं न्हाय. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच हगतो आणि तेच पाणी श्वासातून घेतो. हे त्या वास्तुवाल्याला कुणी सांगितलं न्हाय, कारण तो पैसे मोजत होता. माझं तळं भरलं की मी आधी शेण टाकतो. पाणी हिरवं होईपर्यंत थांबतो. मग बीज सोडतो. पाणी आधी जितं करावं लागतं. नळाच्या पाण्यात मासा सोडणं म्हणजे फरशीवर ऊस लावणं. तुझा अविराज ठिबकचं दुकान चालवतो, पाण्यावर पोट भरतो, आणि पाणी म्हणजे पाइपातून येतं ते, एवढंच त्याला माहीत.

थोडा शेणकाला करून टाक. आठ दिवसांत पाणी धरेल.

सूनबाईला सांग, मी दर हप्त्याला माझ्या तळ्यातला क्विंटलभर मासा भिगवणला पाठवतो. एका माशाला एक संकट धरलं तर माझ्या सात पिढ्या सुखात लोळल्या पाहिजेत. तरी माझे दोन्ही कान गेले.

वास्तुशांतीला आलो न्हाय ते कानामुळं न्हाय. तुझ्या पोराचं भाषण होणार असं कळलं होतं.

इथलं सगळं बरं. पेरूला फुगवण चांगली हाय. तब्येतीला जप; जिभेला जपावं लागत न्हाय.

तुझा,
रावजी


बारामती,
४ डिसेंबर

ति. दादास,
नमस्कार. साष्टांग या वेळी नाही. कारण खाली आलं आहे.

तू सांगितलंस आणि मी ऐकलं. वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी किटली घेऊन दूधवाल्याच्या गोठ्यावर गेले आणि शेण मागितलं. त्याला वाटलं सारवायला हवं आहे. तो म्हणाला, बंगल्यात कुठं सारवणार बाई, टाइल्स हायती ना. मी त्याला खरं सांगितलं नाही. एवढी लाज मला अजून आहे.

तोवर अविराजने नवा मासा आणून नऊ पुरे केले होते. एक पळी टाकली. संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले, सकाळी तिसरा. पाण्याचा रंग चहाचा आणि हॉलला वास गोठ्याचा. घरात काय झालं असेल असं तुला वाटतं? अविराजने पेढे आणले. म्हणाला, आई, एका दमात तीन गेली. मी विचारलं, कोणती तीन, जरा नावं तरी सांग. तो म्हणाला, ती कळत न्हायत हाच तर फायदा. प्रगतीने तिन्ही माशांना हळदकुंकू लावलं आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मी तिला वाढत होते आणि मनात तिला बावळट म्हणत होते. तोंडाने म्हटलं नाही, कारण ती जेवत होती.

मग मी ज्याच्याकडून मासे आणले त्या शिवमच्या दुकानात गेले. केस उभे केलेला पोरगा आहे, बोटात तीन अंगठ्या. त्याला सगळं माहीत होतं. माशाच्या घाणीतून पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात. ते पाण्यात तरंगत नाहीत, पाणी गाळायच्या यंत्रातल्या स्पंजात आणि खालच्या खड्यांत घर करतात, आणि नव्या टाकीत ते यायला महिना-दीड महिना जातो, थंडीत जास्तच. तोवर रोज थोडं पाणी बदलायचं आणि खायला जवळजवळ घालायचंच नाही. मग त्याने विचारलं, स्पंज कोण धुतं. मी अभिमानाने सांगितलं की मी धुते, रोज, धुण्याच्या साबणाने. आईने आपल्याला घाण ठेवायला शिकवलेलं नाही. तो म्हणाला, बाई, तुमी रोज त्येंचं गाव धुऊन काढताय.

मी विचारलं, हे मासे विकतानाच का नाही सांगितलंस. तो म्हणाला, मुहूर्ताचं गिऱ्हाईक थांबत न्हाय. थांबा म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातं. माणूस चोर आहे, पण वाक्य सरळ बोलतो.

त्याने एक औषध दिलं आहे. नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे; पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर विष. आमचं वाटलेल्या मेंदीसारखं झालं.

उपाय एकच, जुन्या टाकीतला घाणेरडा स्पंज आणून या टाकीत घालणं. शिवमच्या स्वतःच्या टाक्या इतक्या रोगट की माझा नेऊ नका असं त्यानेच सांगितलं. आमच्या दातांच्या डॉक्टर श्रेयाबाई, त्यांच्या दवाखान्यात जुनी टाकी आहे. उद्या तिकडे जाते. आणि शिवमला बजावून आले आहे, माझं पाणी जमेपर्यंत अविराजला एक मासा विकलास तर दुकानासमोर उभी राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळं सांगेन.

शेणाचा सल्ला तू पुन्हा कोणाला देऊ नकोस. लोभ असावा, पण सल्ल्याविना.

बना


शेळगाव,
६ डिसेंबर

चि. बनास,
आशीर्वाद.

मी शेततळ्याचं सांगितलं होतं. तळ्यात चाळीस टँकर पाणी बसतं. तू बादलीभर पाण्यात तळ्याचं औषध घातलंस आणि आता मलाच नाव ठेवतेस. मास्तरीण असून तुला प्रमाण कळत न्हाय. पोरांना त्रैराशिक कोण शिकवत होतं?

शेण मी कोरडं सांगितलं होतं की ओलं ते आठवत न्हाय, पण कोरडंच सांगितलं असणार.

साबणाचं वाचून मात्र बरं वाटलं. तुझ्या स्वच्छतेपायी आमची सगळी हयात गेली. तू माहेरी यायची म्हटलं की आमी बैलसुद्धा धुवायचो. आता तुझ्या तोंडावर घाणीची बाजू घेणारं कुणीतरी तुला भेटलं.

सूनबाई शेण-माशानं का होईना जेवली ना? मग तक्रार कशाची. बाकी डाळजच्या माणसांना आमी पहिल्यापासून ओळखतो. धरणाचं पाणी दारात आलं तेव्हापासून ती पाण्यालाच भितात.

लोभ आहेच. त्रैराशिकानं किती ते काढ.

रावजी


बारामती,
२६ डिसेंबर

ति. दादास,
शि. सा. न. पाणी जमलं, म्हणून आज साष्टांग.

श्रेयाबाईंच्या दवाखान्यात पाच-सहा माणसं गाल धरून बसली होती. मी त्यांच्या माणसाला सांगितलं की मला तुमच्या टाकीतला घाण स्पंज हवा आहे. त्याने विचारलं, आजी, दाढ कुठली दुखतीय. शेवटी बाई स्वतः बाहेर आल्या. त्यांना दोन वाक्यांत कळलं. या तालुक्यात असं होणं दुर्मिळ. त्यांनी स्पंज अर्धा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट डब्यात घालून दिला. विरजण आणावं तसा मी तो मांडीवर धरून रिक्षाने आणला.

आल्या दिवसापासून रोज दोन बादल्या पाणी काढते आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालते. खायला दिवसाआड चिमूटभर. अविराज म्हणाला, आई, तू त्येंना उपाशी मारतीयस. मी म्हणाले, ते मरताना तू पेढे वाटतोस, त्यापेक्षा हे बरं. मध्ये आणखी एक गेला, मग थांबलं. थेंबांचा हिरवा रंग उतरला. मग दुसऱ्या बाटलीतल्या थेंबांचा जांभळा चढला. शिवम म्हणाला, पहिलं विष खाणारे आले की त्यांच्यातून दुसरं विष निघतं, ते खाणारे मागून येतात. सरकारी खात्यासारखंच आहे, एकाने केलेली घाण दुसऱ्याने निस्तरायची. पण इथे निस्तरतात तरी. गेल्या आठवड्यापासून दोन्ही नळ्या स्वच्छ आहेत.

पाच उरले आहेत, चार सोनेरी आणि तो काळा. काळ्याचे डोळे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले, सगळ्यांवर रागावल्यासारखे. मला तोच बरा वाटतो. पाणी असं की टाकीमागच्या भिंतीवरचा रंगाऱ्याचा हलगर्जीपणा दिसतो. नऊचे पाच झाले म्हणून अविराजने वास्तुवाल्याला विचारलं, तर पाचही चालतात असं उत्तर आलं. शास्त्र लवचीक आहे, फी तेवढी ताठ.

घरात या सगळ्याचं कौतुक एकालाही नाही. अविराज म्हणतो, आता टाकी नुसती शोभेची झाली. सूनबाई सकाळी सगळ्यांच्या आधी उठून टाकीपाशी जाते, उभ्या उभ्या मासे मोजते आणि आत निघून जाते. मासा जगला तर त्याच्याकडे कोण बघतो. जेवणही कमी केलं आहे. पायाला सूज आहे म्हणते. बाळंतपणाच्या आधी नखरे करायची पद्धतच पडली आहे. आठवा लागला आहे तिला.

तू मात्र हसू नकोस. तुझ्या ट्रॅक्टरला दर शनिवारी लिंबू-मिरची कोण बांधतं ते मला सुयोगने सांगितलं आहे.

कळावे. लोभाला माझ्याकडून आता जंतूंसारखं घर करू दे.

बना


शेळगाव,
२८ डिसेंबर

चि. बनास,
आशीर्वाद.

पाच मासे जगवायला तुला महिना लागला. मी एवढ्यात तळं उपसून पुन्हा भरलं असतं. तरी शाबास. लहानपणी तुझ्या हातून तुळससुद्धा वाळायची.

लिंबाचं सुयोगनं सांगायला नको होतं. त्याचा विषय पुन्हा कधी.

सूनबाईला नखरे म्हणू नको. तुझ्या वेळी तू चिंचा चोरायला शाळेच्या कौलावर चढली होतीस. सूज असेल तर दाखवा कुणाला तरी.

लोभ हाय. जंतूंची उपमा पुन्हा देऊ नको, जेवताना पत्र वाचतो.

रावजी


बारामती,
१० जानेवारी २०२५

ति. दादास,
नमस्कार.

प्रगतीचं ब्लडप्रेशर वाढलं आहे. तिच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, झोपून राहा म्हणून सांगितलं. उतरत नाही. मंगळवारी पुन्हा तपासणार आहेत. तोवर खाली आलं नाही तर दाखल करून घेणार आणि गरज पडली तर मूल काढणार. एवढ्या लवकर काढलेलं मूल किती धरतं हे त्या स्पष्ट सांगत नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही ताण आहे का. मी म्हणाले, ताण कसला, बंगला आहे.

काल पहाटे मी तिच्या आधी उठून पाणी तापवत होते. ती आली, मला तिने पाहिलं नाही. टाकीपाशी उभी राहिली. पाचही मासे फिरत होते. ती भिंतीला हात धरून खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडली. मेलेल्या माशाला हसणारी ही मुलगी जित्या माशांना रडत होती.

मी विचारलं. तिने सांगितलं. मागल्या वर्षी घरात टाकी नव्हती, अंगावर घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून ते बाळाने घेतलं. आता टाकी आहे, पण मासे मरायचे थांबले. आठवा महिना चालू आहे. आता येईल ते कोण घेणार.

मी तिला जंतूंचा सगळा पाठ दिला. विष कसं होतं, ते कोण खातं, मासे का मरत होते, का मरत नाहीत. पहिला मासा मुहूर्ताने मेला, पुढचे तीन तुझ्या शेणाने आणि माझ्या साबणाने, कोणाचं संकट कोणी घेतलं नाही. चौथीच्या वर्गाला कळेल इतकं सोपं करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आई, मला कळतंय सगळं. त्या जंतूंची नावं मी तुमच्या आधी शिकलीय. मागल्या वर्षीबी मला सगळं कळत व्हतं. कळून काय झालं?

वेडी आहेस तू, असं म्हणून मी आत आले. 

अविराजला सांगितलं तर तो म्हणाला, वास्तुवाल्याला फोन लावतो. मी फोन काढून घेतला. या घरात आता त्या माणसाचा आवाज ऐकणार नाही. पण तो काढून घेतल्यावर मी तिला काय देणार आहे, हे मला समजत नाही. ती दोन घास खाते आणि रात्रभर कूस बदलते. चार दिवस आहेत.

दादा, या वेळी शहाणपण शिकवू नकोस. काही सुचत असेल तर लिही.

बना


शेळगाव,
११ जानेवारी

बना,

एक मासा मार.

एवढं वाचून तुला राग आला असणार, म्हणून पुढचं सावकाश वाच. माझ्याकडचे चिलापी तू तळून खातेस, काट्यासकट. तेव्हा तुझं तत्त्व कुठं असतं ते मला माहीत न्हाय. त्या पोरीला एक मेलेला मासा पाहिजे. तुझ्याकडं पाच जिते हायत. हे गणित त्रैराशिकाहून सोपं हाय.

तू म्हणशील, मी खोट्याला खतपाणी घालू का. मग लिंबाचं सांगतो. माझा ड्रायव्हर आबाजी. दोन वर्षांमागं उसाची ट्रॉली भरून निघाला, आडवं कुत्रं आलं, ट्रॉली कडेच्या पाण्याच्या चारीत गेली. तेव्हापासून गडी स्टेअरिंगवर बसला की हात कापायचे. मी शिव्या दिल्या, समजावलं, गाडी दोनदा तपासून घेतली. हात कापायचेच. मग एका शनिवारी लिंबू बांधलं. हात थांबले. आता दर शनिवारी बांधतो. लिंबू ट्रॅक्टरला नसतं बना, ड्रायव्हरला असतं. मला कुणी मूर्ख म्हटलं तर चालतं. ट्रॉली चारीत गेली तर चालत न्हाय.

तू चाळीस वर्षं बरोबर उत्तराला गुण दिलेस. त्या पोरीला उत्तर ठाऊक हाय, तिनं स्वतःच सांगितलं. तिला गुण नकोत.

तुझ्याच्यानं मारवणार न्हाय हेबी मला ठाऊक. घरात कोंबडी कापायची म्हटलं की तुला ताप यायचा. म्हणून सोमवारी सुयोगबरोबर भोगीच्या भाजीची पिशवी येईल. वर वांगी, गाजर, ओला हरभरा. खाली प्लास्टिकात बर्फ, त्यात तळ्यातलं चिलापीचं पिल्लू. काळपट बघून काढतो. तुझा तो काळा कुठंतरी लांबव आणि हे पुढं कर. पानात गुंडाळल्यावर मासा तो मासा. अविराजला तर बोंबील दिला तरी कळायचं न्हाय.

पिशवी आल्या आल्या रिकामी कर. भाजीला वास लागला तर सणाचं वाटोळं होईल.

रावजी


बारामती,
१३ जानेवारी, संध्याकाळ

ति. दादास,
शि. सा. न.

पिशवी दुपारी आली. हरभऱ्याला वास लागला होता. तो मी सोलून दोनदा धुतला, साबणाशिवाय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडून टाकलं होतं. आज सकाळी काळ्याला जाळीने काढून किटलीत घातलं आणि श्रेयाबाईंकडे नेऊन ठेवलं. त्यांना म्हणाले, आठ दिवस सांभाळा. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला उत्तर देता आलं नसतं.

चारच्या सुमाराला मी हॉलमध्ये जाऊन मोठ्याने म्हणाले, अगंबाई, काळा गेला. माझा आवाज मलाच परका वाटला. अविराज धावत आला, रिकाम्या जागेकडे बघून त्याने हात जोडले. नवरा गेल्यावर नाटक-सिनेमा सोडलेली बाई मी, तुझ्यामुळे आज हॉलमध्ये उभी राहून नाटक केलं, आणि पहिली टाळी वाजवणारं माझंच पोर होतं. तुझं पिल्लू मी आधीच पिंपळाच्या पानावर काढून ठेवलं होतं. वरून दुसरं पान झाकलं होतं. म्हणाले, खराब झालाय, वास येतोय, झाकल्या पानावरच हळदकुंकू लाव.

प्रगती उठून आली. पाटावर बसायला तिला त्रास होतो, म्हणून ताटली मी हातात धरली. तिने वरचं पान बाजूला केलं.

दादा, आपण दोघांनी एवढा विचार केला आणि ही पोरगी डाळजची आहे याचा केला नाही. धरणाच्या पाण्याला लागून तिचं घर. तिचा बाप आणि चुलते जाळी टाकतात. ती शाळेत जायच्या आधी चिलापी निवडून, साफ करून, मग दप्तर उचलायची, हे तिनेच मला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. काळ्याचे डोळे बाहेर आलेले होते. याचे आत. पाठीवरचा काटा उभा. आंधळ्यालाही हाताने कळलं असतं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं.  मी काहीतरी बोलणार होते, पण ती आधी बोलली. म्हणाली, आई, हळद जरा पुढं करा. तिने चिलापीला हळद लावली, कुंकू लावलं, पान नीट दुमडलं, दोऱ्याने बांधलं आणि अविराजच्या हातात दिलं. त्याला म्हणाली, जावा, दिवस मावळायच्या आत सोडून या, आन् मागं बघू नगा. तो निघून गेल्यावर तिने माझ्या हातातली ताटली काढून घेतली, आणि माझा हात धरून पलंगापर्यंत मला नेलं. मी तिला नेलं असं मला लिहायचं होतं, पण तसं झालं नाही. तिथे बसल्यावर ती म्हणाली, आमच्या डाळजला याला मसाला लावून तव्यावर टाकत्यात. मग हसली. मीही हसले. किती वेळ ते सांगत नाही. तू घड्याळ लावून बसशील.

अविराज परत आला तेव्हा ती झोपली होती. त्याने दारातूनच विचारलं, बघ ना आई, पटला ना आता गुण. मी त्याला हात-पाय धुवायला पाठवलं. या घरात एकच माणूस फसला आहे आणि तो माझा मुलगा आहे, हे मी तुला कळवते आहे. त्याला कळवणार नाही.

तुझ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तू गर्विष्ठ आहेस, शेणाचं तुझंच चुकलं होतं, आणि कोरडं तू कधीच म्हणाला नव्हतास. लिंबाबद्दल मात्र आज काही म्हणत नाही.

कळावे. लोभ ठेवशीलच, तुला दुसरी बहीण नाही.

तुझी,
बना

ता. क. (१४ जानेवारी) सकाळी प्रगतीने अविराजला उठवून टाकीतलं पाणी बदलायला लावलं. ती खुर्चीवर बसून सांगत होती आणि तो बादल्या वाहत होता. मग तिने कालची बाजरीची भाकरी वांग्याच्या भाजीशी खाल्ली, आणि दहा वाजता आम्ही तिला तपासून घ्यायला निघालो.